कोठीच्या खिडकीतली बोटं

१

तिसरी काच फुटली, पण या खेपेला आवाज झाला नाही.

वृषाली मागच्या अंगणात दगडावर कपडे धूत होती. हात पदराला पुसत ती आपल्या खोलीत आली, तर रस्त्याकडच्या खिडकीची चौकट मोकळी होती आणि खाली फरशीवर खडीसाखर सांडावी तसा काचेचा ढीग पडला होता. वाऱ्याने कॅलेंडरची पानं फडफडत होती. ती उंबऱ्यातच थांबली. आत जायला पाय उचलेना.

सासरे हौशीराम शेतावरून आले तेव्हाही ती तिथेच उभी होती.

"कवा फुटली?"

"ठाऊक नाही मामंजी. मी मागं होते."

"बार झाला आसंल की."

"मला नाही आला ऐकू."

हौशीरामांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. पहिल्या दोन काचा फुटल्या तेव्हा रस्त्यापलीकडचे लोक चप्पल न घालता धावत आले होते. हिला घरात असून ऐकू येत नाही, म्हणजे एक तर ही खोटं बोलते, नाहीतर ही ऐकण्याच्या ठिकाणी नव्हतीच. यातलं कुठलं जास्त वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी लोणीला तिच्या भावाला फोन लावला. रविवारी जीप घेऊन ये म्हणाले. चार दिवस माहेरी राहू दे, असंच बोलले. पण फोन ठेवल्यावर पाठमोरे असतानाच म्हणाले, "रुखवताची भांडी बी बांध."

रुखवताची भांडी चार दिवसांसाठी कोणी बांधत नाही.

दुसऱ्या दिवशी वृषालीने पिठाच्या गिरणीतून जुन्नरला फोन केला. "अमे, तू ये गं," एवढंच म्हणाली.

२

अमृता वृषालीची मावसबहीण. नुकतीच भौतिकशास्त्रात एम. एस्सी. होऊन जुन्नरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत पोरांना प्रात्यक्षिकं दाखवायला लागलेली. शनिवारी सकाळची एस. टी. धरून ती घोडेगावला आली आणि तिथून वडापच्या जीपने शिनोलीला उतरली. काय झालंय याची तिला वाटेतच अर्धी कल्पना आली, कारण जीपमधल्या दोन बायका त्याच घराबद्दल बोलत होत्या.

"मेल्याल्या वऱ्हाडाच्या काचा लावल्यात. मग काय व्हनार?"

घर रस्त्यालगतच होतं. दिवाळीच्या आधी बांधून झालेलं, पांढरं, रुंद खिडक्यांचं. त्या खिडक्यांना बसच्या काचा होत्या. भंगारात निघालेल्या गाड्यांच्या काचा जाड, स्वच्छ आणि स्वस्त मिळतात, म्हणून हौशीरामांनी हायवेवरच्या भंगारवाल्याकडून त्या उचलल्या होत्या. दिवाळीनंतर राकेशचं लग्न झालं, वृषाली घरात आली. राकेश चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा यायचा. पौषात भरदुपारी बैठकीतली पहिली काच फुटली, तेव्हा वृषाली तिच्याखाली झाडत होती. दुसरी माघात फुटली, तेव्हा ती दिवा लावत होती. दगड नाही, पाखरू नाही. बंदुकीसारखा बार, आणि मग फरशीवर पडलेले तुकडे बराच वेळ तव्यावरच्या मिठासारखे तडतडत राहिले.

मग शेजारच्या लंकाबाईला आठवलं. चार वर्षांपूर्वी घाटात वऱ्हाडाची एक खासगी बस दरीत गेली होती. हौशीरामांचा थोरला मुलगा भगवंत त्या बसमध्ये होता.

"आन् बोटं उमटत्यात ना," लंकाबाई अमृताला ओट्यावरच सांगू लागली. "दिवस मावळताना बघ. काचंत काळी बोटं दिसत्यात, आतून टेकल्यावानी. फडक्यानं पुसून जात न्हाईत. ना भाईरून, ना आतून."

"तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"म्या? म्या कशाला बघाया जाते तिन्हीसांजंची? समद्या गावानं बघितल्यात."

"फुटलेल्या काचांचं काय केलं?"

"उतारा केला. पोरीवरनं ववाळला, हळद-कुक्कू घातलं आन् तिकाटण्यावर, तीन वाटा मिळत्यात तिथं, नेऊन टाकला. दोनी डाव. आता तिसऱ्याला मातर म्या हात लावनार न्हाई."

म्हणून तिसरा ढीग अजून तसाच पडून होता. अमृताला तेच हवं होतं.

३

खोलीत ती गुडघ्यांवर बसली. तुकडे चण्याच्या डाळीपेक्षा थोडे मोठे, चौकोनी, बोथट. टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, काच अशीच फुटते. साध्या काचेसारखे सुऱ्यांएवढे तुकडे होत नाहीत. म्हणूनच ती गाड्यांना लावतात, माणसाचा गळा चिरू नये म्हणून. तिने एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि तशीच धरून बसली. तुकड्याच्या चिरेत पिवळी रेघ होती.

दुसरा उचलला. त्यालाही होती. बोटांवर घासली तर हळद.

मग तिने चौकटीच्या खाचेतून नख फिरवलं. खाच स्वच्छ होती. एका कोपऱ्यात काच चिकटवायची लांबी खरवडल्याची खूण होती आणि वरची लाकडी पट्टी त्याच खिळ्यांवर परत ठोकलेली होती, जराशी वाकडी. ती बैठकीत जाऊन पहिल्या दोन्ही चौकटी पाहून आली. तिथे खाचेत काचेचे दाणे अजून ओळीने अडकून होते, हिरडीत दात राहावेत तसे.

"काय सापडलं का, शास्त्रज्ञ बाई?" दारात वृषालीचा दीर ऋषी उभा होता. कॉलेज सोडून दोन वर्षं घरीच. "भूत मोजून घेताय का मीटरमधी?"

"ही खोली कुणाला मिळणार होती रे?"

त्याचं हसू जरा सैल झालं. "मला. पन दादाचं लगीन झालं ना. आता वयनी चालल्या, तर मिळंल परत. आसं म्हनायचंय का तुमाला? म्हना. पन मी उताऱ्याला हात नाय लावनार. लई भ्या वाटतं मला त्याचं, खरं सांगतो."

"उताऱ्याचं मी काही बोलले नाही."

"हळद हुंगताय ना तवाची. मी बी डोळं घिऊन जन्माला आलोय." तो चौकटीला टेकला. "आख्ख्या गावात उतारा उचलनारा एकच हाय. काचा बसवनारा रत्नदीप. त्यो बुद्धाचा मानूस, आसलं काय मानीत न्हाई. इचारा त्यालाच."

हौशीराम अंगणात कांद्याच्या गोण्या शिवत बसले होते. अमृताने विचारलं तेवढ्याचंच उत्तर त्यांनी दिलं.

"काका, परवा दुपारी घरात कोण होतं?"

"मी कांद्यात. ऋषी घोडेगावला. ही बी कांद्यात यनार व्हती, पाय दुखतो म्हनून निम्म्या वाटंवरनं माघारी फिरली." त्यांनी कोठीच्या खोलीकडे मान वळवली, म्हणजे 'ही' म्हणजे त्यांची बायको साळुबाई. "ती कोठीत धान निवडीत व्हती म्हन. तिला बी बार आला न्हाई ऐकू."

"आणि उद्या रविवारी काय?"

"उद्या रत्नदीपला बलावलंय. तिसरी फुटायच्या आदीच ठरलं व्हतं. समद्या काचा काढून डिंब्याच्या धरनाच्या पान्यात टाकायच्या. सून बी जाईल, काचा बी जातील." त्यांनी दाभण गोणीत खुपसलं. "माज्या हातानं आनल्या म्या त्या, पोरी. माज्या हातानं."

४

रत्नदीपचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. एका बाजूला लाकडाच्या चौकटी, दुसऱ्या बाजूला काचांचे उभे ताव. तो तिशीचा असेल. अमृताचं बोलणं ऐकून घेताना तो रंधा थांबवत नव्हता.

"मी मानत नाही, हे खरं," तो म्हणाला. "रस्त्यावर पडलेला नारळ मी घरी नेऊन खाल्लेला आहे. पण ताई, माझ्याच बसवलेल्या काचेचा चुरा मी परत नेऊन त्यांच्या घरात कशाला ओतू? आधीच दोन महिन्यांत एक खिडकी मिळाली नाही मला. माझंच नाव जास्त खराब करून घेऊ?"

"काचा बसवताना काय केलं होतं?"

रंधा थांबला.

"चौकटी आधीच तयार होत्या. काचा दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचानं, जास्त भरल्या. या काचेला हिरकणी लावून कापता येत नाही, लावली की सगळीच जाते. म्हणून ग्राइंडरवर कडा घासल्या. तीन तर इथेच हातात फुटल्या."

"आणि ज्या नाही फुटल्या?"

"त्या बसल्या. म्हटलं, यांनी सहन केलं."

"सहन नाही केलं. कडेला बारीक चीर राहिली. या काचेच्या पोटात सतत ताण असतो, बाहेरचं कवच तो दाबून धरतं. आता पहाटे थंडी, दुपारी चटका. चीर आत सरकत जाते. कवच ओलांडलं की संपलं. त्या वेळी खाली कोणी झाडत असो, नाहीतर दिवा लावत असो."

रत्नदीपने रंधा बाजूला ठेवला. "म्हणजे पहिल्या दोन माझ्यामुळे."

"हो. पण तिसरी फुटलेलीच नाही. खाचेत दाणा नाही, बार झाला नाही, आणि ढिगातला चुरा तिकाटण्यावरचा आहे. कोणीतरी पट्टी काढून काच अख्खी नेली. घासलेली असली तरी ती अजून शाबूत आहे."

"नेऊन करणार काय? कापता येत नाही. दुसऱ्या खिडकीत बसणार नाही. भंगारात कुत्रं विचारणार नाही."

अमृताही सकाळपासून तेच स्वतःला विचारत होती. जी काच कुणाच्या उपयोगाची नाही, ती चोरायची कशाला?

"त्या घरात सगळ्या खिडक्यांना बसचीच काच आहे?"

"सगळ्या. फक्त कोठीची खिडकी लहान. तिला साधी काच, मीच कापून बसवली."

"या काचा त्याच बसच्या होत्या का हो?"

"भंगारवाल्याकडे दहा-बारा बस पडल्या होत्या, एकावर एक. त्यालाच माहीत नव्हतं कुठली काच कुठली. लंकाबाईला कसं माहीत?"

५

दिवस कलला तेव्हा अमृता घराबाहेर उभी राहिली. तिच्या पर्समध्ये प्रयोगशाळेतली एक काळपट चकती होती, चष्म्याच्या काचेएवढी. ती डोळ्यापुढे धरून फिरवली की एका विशिष्ट दिशेने कंपणारा उजेड तेवढा आत येतो. टफन काच ओळखायला यापेक्षा सोपी युक्ती नाही. काच तापवून एकदम गार करताना तिच्यावर ताणाच्या खुणा राहतात. संध्याकाळच्या आभाळाचा उजेड तिरपा पडला, तर त्या नुसत्या डोळ्यालाही पुसट दिसतात. चकतीतून ठळक दिसतात.

तिला हे सगळं ठाऊक होतं. तरी बैठकीच्या उरलेल्या खिडकीकडे चकती वळवल्यावर तिच्या मानेवर काटा आला.

काळी बोटं होती. ओळीने, एकाखाली एक, काचेच्या आत. चकती जराशी फिरवली की ती फिकी व्हायची, पुन्हा फिरवली की दाबल्यासारखी उमटायची. जणू कोणी पलीकडून श्वास घेऊन काचेवर हात टेकत होतं.

"बिबट्याच्या कातड्यावानी दिसतंय," तिच्या मागून ऋषी हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

ती एकेक खिडकी पाहत घराला वळसा घालू लागली. कोणत्या काचा अजून फुटू शकतात, हे उद्या सांगायला हवं होतं. स्वयंपाकघर: ठिपके. राकेशच्या खोलीची दुसरी खिडकी: ठिपके. घराच्या मागे वाट चिंचोळी होती, तुरीची वाळलेली ताटं भिंतीला टेकवलेली, गोठ्यातली गाय मध्येच फुरफुरायची. तिथे कोठीची लहान खिडकी होती. साधी काच, कापलेली. तिच्यावर काही दिसायचं कारण नव्हतं. केवळ सवयीने अमृताने चकती डोळ्याला लावली.

बोटं होती.

तिने चकती खाली घेतली. रुमालाने पुसली. पुन्हा लावली. कापलेल्या काचेत ठिपके असूच शकत नाहीत. जी कापली जाते तिच्यात ताण नसतो, आणि जिच्यात ताण असतो ती कापली जात नाही. रत्नदीप खोटं बोलला होता, नाहीतर—

त्या काळ्या बोटांच्या मधोमध एक चेहरा होता. डोळे तिच्याकडे लागलेले. हलत नव्हता.

मागे ऋषीने धापकन पाऊल मागे घेतलं आणि तुरीची ताटं कोसळली.

६

"तू ओसरीवर थांब," अमृता त्याला म्हणाली. "कोणाला आत येऊ देऊ नको."

कोठीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ज्वारीचा आणि गोणपाटाचा वास होता. कणगीवर, त्या लहान खिडकीच्या आतल्या बाजूला, बसची अख्खी काच गोधडीवर उभी टेकवलेली होती, आणि तिच्यासमोर पाटावर साळुबाई बसली होती. एकामागे एक अशा दोन काचा. बाहेरून पाहणाऱ्याला एकच खिडकी.

साळुबाईने मान वळवली नाही. "बस," ती म्हणाली. "आत्ता लई चांगली दिसत्यात. जरा वेळानं जातील."

अमृता तिच्या शेजारी जमिनीवर बसली. काही वेळ दोघी पाहत राहिल्या.

"मावशी, उतारा उचलताना भीती नाही वाटली?"

"कशाची? माज्या लेकराचं हाय ते." साळुबाईचा आवाज सरळ होता. "समदी म्हनत्यात भूत. मला काय भ्या त्याचं? यष्टीत बसला की ह्यो आसाच काचंला दोनी हात टेकून बसायचा. ल्हानपनापासनं. ह्यांनी सांगितलं, रईवारी समद्या पान्यात टाकायच्या. मंग म्या एक ठिवली. फुटली म्हनलं की कोन मोजतंय."

अमृताने चकती तिच्या हातात दिली. ती कशी धरायची ते दाखवलं. मग हळूहळू सांगितलं: काच भट्टीत मऊ होईपर्यंत तापवतात, मग दोन्ही बाजूंनी बारीक नळ्यांमधून गार वारा सोडतात. नळीसमोर जी जागा येते तिथे ठिपका राहतो. प्रत्येक बसला, प्रत्येक मोटारीला असतो. माणसाचा हात कधी लागला नसला तरी असतो. आणि या काचा कुठल्या बसच्या, हे भंगारवाल्यालाही माहीत नाही.

साळुबाई चकती फिरवत होती. बोटं जात होती, येत होती.

"मंजे वाऱ्याची बोटं."

"हो."

"आन् ही बी फुटंल?"

"एक दिवस फुटेल. कडा घासलेली आहे."

"फुटू दे. तवर तर हाय." तिने चकती परत दिली. आता उजेड गेला होता आणि काच नुसती काच राहिली होती.

"मावशी, उद्या वृषाली चाललीय. या काचेपायी."

"म्या त्या पोरीला एक सबूद बोलले न्हाई."

"तेच तर," अमृता म्हणाली. "एक शब्द बोलला नाहीत."

साळुबाईने काचेखालची गोधडी सारखी केली. अमृताला वाटलं होतं, कोडं सुटलं की हलकं वाटेल. ओसरीवर जाऊन सगळं सांगणं तिच्या हातात होतं. पण ती सांगेल तर सुनेच्या माथ्यावरचं खापर आईच्या माथ्यावर फुटेल, आणि गावाला वेडी सापडेल. न सांगावं तर सकाळी जीप येईल. ती अंधारात चाचपत उठली. मग म्हणाली, "मी उद्या जीप येईपर्यंत थांबते. त्यानंतर मला बोलावंच लागेल."

७

सकाळी लोणीहून वृषालीचा भाऊ हनुमंत जीप घेऊन आला. पाणीसुद्धा न घेता त्याने पत्र्याची पेटी उचलून मागे टाकली, मग रुखवताच्या भांड्यांचं बोचकं. लंकाबाई ओट्यावर होती, रत्नदीप पाना-हातोडा घेऊन अंगणात, आणि रस्त्यावर निम्मी आळी. वृषाली खाली पाहत जीपपाशी उभी होती. अमृताने घसा साफ केला.

तेवढ्यात साळुबाई बाहेर आली. तिने दोन्ही हातांनी बसची काच छातीशी धरली होती, आणि काचेतून तिचं लुगडं दिसत होतं.

"आये," ऋषी म्हणाला आणि थांबला.

तिने काच हौशीरामांच्या पुढ्यात खाटेवर ठेवली.

"ही फुटल्यालीच न्हाई. म्या काढली. उताऱ्याचा चुरा बी म्याच आनून वतला. सून धुन्यावर व्हती, तिला कशाचा बार ऐकू यनार?"

हौशीरामांचे ओठ हलले. "आगं पन का?"

"तुमी पान्यात टाकनार व्हता."

हौशीरामांनी काचेवर हात ठेवला आणि उचललाच नाही. रत्नदीप पुढे झाला. "पहिल्या दोन माझ्या चुकीनं फुटल्या, बाबा. कडा घासायला नको होत्या. बाकीच्या मी माझ्या खर्चानं बदलून देतो." लंकाबाई काहीतरी बोलायला उठली, सगळ्यांची तोंडं पाहिली आणि घरात निघून गेली.

"पावणं, पेटी उतरवा," साळुबाई हनुमंतला म्हणाली.

त्याने पेटीला हात घातला. पण वृषालीने त्याचा हात धरला.

"नको दादा. राहू दे." ती पहिल्यांदाच मान वर करून बोलत होती. "मी जाते आत्याबाई. आठ दिवस राहते आईपाशी. मग या मला न्यायला. ह्यांना नका पाठवू, ऋषीभाऊंना नका पाठवू. तुम्ही या."

अंगणात सगळे साळुबाईकडे पाहू लागले. चार वर्षांत ती कुठल्याही गाडीत बसली नव्हती. जत्रेला चालत, दवाखान्याला बैलगाडीतून. शिनोलीहून लोणी म्हणजे अख्खा तालुका ओलांडायचा.

जीप सुरू झाली. वृषाली आत बसली, पण दार तिने लावलं नाही. उत्तराची वाट पाहत राहिली.

साळुबाई जीपच्या काचेकडे बघत होती. मग तिने पदर खोचला आणि अमृताकडे वळून विचारलं, "घोडेगावावरनं लोनीची यष्टी कितीला सुटती गं?"